धूर गेला, धडधड राहिली

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. पन्नाशी जवळ आलीय. कॉलेजात लागलेली सिगारेट पंचवीसेक वर्षं खिशात होती. मग दुबईत नोकरीला असलेल्या भाच्यानं सुट्टीला येताना व्हेप आणला. “मामा, आता ह्याच्यावर या. धूर न्हाई, राख न्हाई, वास तर आंब्याचा. मामीला पत्ता लागायचा न्हाई.” मामीला पत्ता पहिल्याच संध्याकाळी लागला, तो भाग वेगळा. पण सिगारेट खरंच मागं पडली आणि पुढचा बराच काळ मी त्या आंब्याच्या वाफेवर काढला. आता तीही बंद आहे. या सगळ्या भानगडीत हृदयाविषयी जे समजलं, काही डॉक्टरांकडून, काही वाचून, काही मनगटावरच्या घड्याळाकडं बघून, ते लिहितोय. मी डॉक्टर नाही, टर्नर आहे. मोजल्याशिवाय विश्वास ठेवत नाही, एवढीच काय ती पात्रता.

1. फायदा झाला असेल तर तो नाकारू नका

व्हेपवर आल्यावर थोड्याच दिवसांत सकाळचा खाकरा थांबला. जोतिबाच्या पायऱ्या चढताना मध्ये टेकायला लागायचं, ते कमी झालं. रश्श्याला पुन्हा चव आली. हा मनाचा खेळ नव्हता. कारण काय, ते फाउंड्रीत राबलेल्या माणसाला चटकन कळेल. शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात जुन्या क्युपोला भट्टीजवळ ज्यानं पाळी काढलीय, त्याला कोक जळताना निघणाऱ्या गॅसनं डोकं कसं धरतं ते माहीत आहे. तो कार्बन मोनॉक्साइड. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. रक्त फिरत राहतं, पण त्यातून ऑक्सिजन कमी पोचतो आणि हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त राबावं लागतं. पेटलेल्या सिगारेटमधूनही हाच गॅस निघतो. व्हेपमध्ये काही जळत नाही, त्यामुळं तो जवळपास नसतोच, आणि शेवटच्या सिगारेटनंतर एक-दोन दिवसांत रक्तातला साठाही उतरतो.

रक्तवाहिन्यांचंही तेच. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये 114 धूम्रपान करणाऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सिगारेट सोडून ई-सिगारेटवर गेलेल्यांच्या रक्तवाहिन्या महिन्याभरात जास्त चांगल्या फुलायला लागल्या होत्या. व्हेपला सरसकट शिव्या घालणारे हा अभ्यास सांगत नाहीत. व्हेप विकणारे तेवढाच सांगतात. त्यातली तुलना सिगारेट ओढतच राहिलेल्यांशी होती आणि मुदत एका महिन्याची होती, हे दोघंही गाळतात.

2. नाडी मोजा, अंदाज करू नका

लेकीनं वाढदिवसाला नाडी दाखवणारं घड्याळ दिलं. एकदा दुपारी जेवणाच्या सुट्टीत स्टुलावर निवांत बसलो होतो. मशीन बंद, घाई नाही, कुणाशी वाद नाही. आकडा 76. व्हेपचे चार-पाच झुरके ओढले आणि घड्याळाकडं बघत राहिलो. 80, 84, मग 91 वर जाऊन थांबला. खाली यायला चांगलाच वेळ लागला, आणि तो पुरता उतरायच्या आत माझा हात पुन्हा खिशाकडं गेला होता.

निकोटीन अंगात गेलं की शरीर ॲड्रेनलिन सोडतं. ठोके मिनिटाला दहा-पंधरानं वाढतात, रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब पाच-दहा अंकांनी चढतो. निकोटीन सिगारेटमधून आलं की वाफेतून, हृदयाला त्याचं देणंघेणं नाही. डॉक्टर म्हणाले, “तुम्ही खुर्चीत बसून पन्हाळ्याचा चढ चढताय, सकाळपासून रात्रीपर्यंत.” शिवाय निकोटीनचं रक्तातलं प्रमाण अर्ध्यावर यायला साधारण दोन तास लागतात. म्हणजे दर अर्ध्या तासाला ओढणाऱ्याचं हृदय दिवसभरात सपाटीवर येतच नाही. मधूनच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटायचा, गळ्याशी मासा उसळावा तसा. तपासणीत ते वरच्यावर येणारे जादा ठोके निघाले, गंभीर काही नव्हतं. पण ते मलाच का येतायत, याचं उत्तर माझ्या शर्टाच्या खिशात होतं.

रक्तदाब घरी मोजणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. मोजण्याआधी अर्धा तास सिगारेट नको, व्हेप नको, चहा-कॉफी नको. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं. बोलायचं नाही. हे मी बरेच दिवस पाळत नव्हतो आणि मशीनलाच दोष देत होतो.

3. निपाणीच्या बायकांना हे आधीच ठाऊक होतं

कोल्हापूरहून हायवेनं चाळीसेक किलोमीटर गेलं की निपाणी. कागदोपत्री कर्नाटक, बोलण्यात आपलंच. माझ्या आत्याचं सासर तिथं. लहानपणी सुट्टीत गेलं की गावात शिरतानाच नाकात तंबाखूची पूड झोंबायची. वखारीत तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या बायका नाकातोंडाला पदर घट्ट बांधून बसलेल्या असायच्या, आणि सुटी झाली तरी ठसका सुटायचा नाही. या गावानं तंबाखूपायी बरंच काही पाहिलंय. 1981 मध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी इथं महामार्ग रोखला आणि त्या आंदोलनात एप्रिलमध्ये झालेल्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. त्याच सुमारास वखारीतल्या बायकांनी संघटना बांधली, त्यांच्यावर युगांतर या गटानं माहितीपटही केला.

पण मला इथं आत्याचं एक वाक्य सांगायचंय. ती म्हणायची, पहाटे दव असताना तंबाखूचं ओलं पान खुडलं की दुपारी “गरगरतंय, उलटी येतीया, छाती धडधडतीया.” तिनं आयुष्यात कधी बिडी ओढली नाही, मिसरी लावली नाही. पुढं वाचताना कळलं की हा जगभर ओळखला जाणारा आजार आहे. ओल्या पानातलं निकोटीन कातडीतून सरळ रक्तात जातं. ना धूर, ना आग, तरी छाती धडधडते. भाच्याचं “धूर न्हाई” ऐकताना मला आत्या आठवायला हवी होती.

4. जे संपत नाही ते मोजता येत नाही

सिगारेटला एक शिस्त असते, हे म्हणताना हसू येतं, पण असते. ती विझते. पुढची पेटवायला बाहेर जावं लागतं, टपरीवर उभं राहावं लागतं, खिशातलं पाकीट रिकामं होताना दिसतं. दिवसाला किती, हे बायकोलाही मोजता येतं. व्हेपला शेवट नसतो. एक झुरका जॉब चकमध्ये लावताना, एक फोनवर बोलताना, दोन गाडीत सिग्नलला, रात्री जाग आली तर उशाखालून एक. मी “फक्त अधूनमधून” ओढत होतो, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं.

मग हिशेब केला. वापरून फेकायच्या त्या नळीवर पाच टक्के लिहिलेलं होतं. पाच टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये 50 मिलिग्रॅम निकोटीन. आत दोन मिलिलिटर द्रव, म्हणजे शंभर मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून शरीरात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम जातं. वाफेतलं सगळं अंगी लागत नाही असं धरलं, तरी विसाच्या दोन पाकिटांचा ऐवज तरी त्या बोटभर नळीत होता. माझी सिगारेट दिवसाला दहाच्या पुढं फारशी कधी गेली नव्हती, आणि ती नळी मी तीन दिवसांत संपवत होतो.

एवढं निकोटीन घशाला कसं लागत नाही, याचंही कारण आहे. त्यात बेंझोइक ॲसिडसारखं आम्ल मिसळून निकोटीनचा क्षार केलेला असतो, त्यामुळं ठसका लागत नाही. ठसका हा शरीराचा ब्रेक होता, तोच काढून टाकलाय. युरोपीय संघातल्या देशांनी आणि ब्रिटननं मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमची मर्यादा घातलीय. आपल्याकडं मर्यादा नाही, कारण आपल्याकडं वस्तूच बेकायदा आहे. त्याकडं पुढं येतो.

5. आत काय आहे ते उघडून बघितलं

संपलेली एक नळी व्हाइसमध्ये धरून कापली. (तुम्ही हा उद्योग करू नका, आत लिथियमचा सेल असतो, तो पेट घेतो.) आत कापसाची वात, तिच्याभोवती केसाएवढ्या तारेचे वेढे. वात मध्यभागी काळी ठिक्कर, कडेला तपकिरी. तार बघितल्याबरोबर ओळखीची वाटली. अशा तारा बहुतेक नायक्रोमच्या किंवा लोखंड-क्रोमियमच्या मिश्रधातूच्या असतात. नायक्रोम म्हणजे निकेल आणि क्रोमियम, हीटरच्या कॉईलमध्ये असतो तोच. हीटरची लालभडक कॉईल तोंडाजवळ धरून कुणी श्वास ओढत नाही. इथं तेच चाललं होतं, फक्त मध्ये आंब्याचा वास होता.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी 2018 मध्ये 56 वापरकर्त्यांची उपकरणं तपासली. बाटलीतल्या द्रवात धातू नगण्य होते, पण कॉईलला लागून गेलेल्या द्रवात आणि वाफेत निकेल, क्रोमियम, शिसं वाढलेलं निघालं. शिसं तर हृदयाच्या आजाराशी जोडलेलं म्हणून वेगळं ओळखलं जातं. द्रवातलं ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल फार तापलं की त्यातून फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलिन असले पदार्थ सुटतात. कढईत तेल जळाल्यावर डोळ्यांत-नाकात जे झोंबतं, त्यात हे ॲक्रोलिन असतं, आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला ते सोसत नाही. नळीतलं द्रव संपत आलं की करपट झुरका येतो. तो आला की मी आणखी जोरात ओढून “शेवटचं” काढायचो.

आता कायद्याचं. केंद्र सरकारनं 18 सप्टेंबर 2019 ला अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण, जाहिरात, सगळ्यावर बंदी. साठवण सोडली तर बाकीच्याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदी योग्य की अयोग्य यावर वाद घालणारे घालोत. मला वर्कशॉपवाला म्हणून एकच दिसतं. चोरून आलेल्या मालाला ना परीक्षण अहवाल, ना बॅच नंबरवर भरवसा. पाच टक्के लिहिलंय ते पाचच आहे, हे सांगणारा कोणी नाही. भाच्यानं आणलेला साठा संपल्यावर मी मिळेल ती नळी घेत होतो. साधं बेअरिंग घेताना मी डुप्लिकेट आहे का म्हणून तीन वेळा फिरवून बघतो. आणि अमेरिकेत 2019-20 मध्ये व्हेपिंगमुळं फुप्फुसांना इजा होऊन 2,807 जणांना दवाखान्यात दाखल व्हावं लागलं, 68 दगावले, त्यात मुख्य हात गांजाच्या अर्काच्या भेसळयुक्त नळ्यांचा निघाला. त्यांतल्या बहुतेकांनी तो माल दुकानातून नव्हे, ओळखीतून घेतला होता.

6. “एखाद-दुसरी चालते” हे हृदयाला चालत नाही

ही गोष्ट मी सगळ्यात जास्त लोकांना सांगतो आणि सगळ्यात कमी लोकांना पटते. व्हेपवर गेलेल्यांतले कितीतरी जण सिगारेट पूर्ण सोडत नाहीत. मीही सुरुवातीला सोडली नव्हती. दिवसभर वाफ, आणि रात्री मित्रांबरोबर गच्चीवर मटण शिजत असताना दोन सिगारेटी. हिशेब सोपा वाटायचा. दहाच्या दोन झाल्या, म्हणजे धोका पाचव्या हिश्शावर आला.

कर्करोगाच्या बाबतीत संख्या कमी झाल्याचा बराच फायदा मिळतो, हृदयाच्या बाबतीत नाही. 2018 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष आला. दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्यातला जवळपास निम्मा दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही असतो. वीसमधल्या एकोणीस सोडल्या, तरी धोका एकोणीस हिश्शांनी उतरत नाही. धुरातले बारीक कण थोडे असले तरी प्लेटलेट्स चिकट होतात, रक्ताची गुठळी व्हायची प्रवृत्ती वाढते, अस्तर बिघडतं. हा परिणाम सुरुवातीलाच भसकन चढतो आणि मग हळूहळू वाढत जातो.

त्यात व्हेपची भर. 2024 मध्ये अनेक लोकसंख्या-अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. सिगारेट आणि व्हेप दोन्ही करणाऱ्यांत हृदयविकाराचं प्रमाण नुसती सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा जास्त दिसलं. असल्या अभ्यासांतून कारण सिद्ध होत नाही, आजारी पडल्यावर घाबरून व्हेपकडं वळलेलेही त्यात असतात. तरीही दोन्ही दगडांवर पाय ठेवून कुणी वाचलं, असं एकाही अभ्यासात मला दिसलं नाही.

गच्चीवरच्या मंडळींना हे सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, “मग ओढायचीच तर वीस ओढतो की भावा, निम्मा धोका तर असाबी हायच.” कोल्हापुरात गणित असंच उलटं सुटतं.

7. चहा निम्मा करा

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. सिगारेट पुरती थांबवून नुसत्या व्हेपवर आल्यावर काही आठवड्यांनी धडधड वाढली, रात्री झोप उडाली. मी दोष नळीला देत होतो. डॉक्टरांनी विचारलं, “चहा किती?” उद्यमनगरात हा प्रश्न विचारायचा नसतो. किटलीवाला पोरगा सकाळपासून फेऱ्या मारतो, प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर एक कटिंग होतो, आणि नको म्हणालं तर माणसाला वाईट वाटतं.

भानगड अशी आहे. धुरातल्या डांबराच्या घटकांमुळं यकृतातलं एक एन्झाइम जोरात काम करायला लागतं, आणि तेच एन्झाइम कॅफीन मोडतं. म्हणून ओढणाऱ्याला चहा पचतो, सहा-सात कप सहज रिचतात. धूर थांबला की एन्झाइम पुन्हा संथ होतं आणि तितक्याच चहातून रक्तात जवळपास दुप्पट कॅफीन राहतं. हे काम धुराचं, निकोटीनचं नव्हे. त्यामुळं व्हेप ओढत राहिलं तरी एन्झाइम संथ होतंच. म्हणजे वाफेतलं निकोटीन आणि दुप्पट झालेलं कॅफीन, दोघंही एकाच वेळी हृदयाला पळवत होते. मी चहा निम्म्यावर आणला आणि झोप आठवड्याभरात परत आली.

दम्याच्या थिओफिलिनसारख्या काही औषधांनाही हाच नियम लागू पडतो. धूर थांबवल्यावर त्यांचा डोस बदलावा लागू शकतो, म्हणून सोडल्याचं डॉक्टरांच्या कानावर घालायचं.

8. फॉरवर्ड दोन्ही बाजूंनी येतात

व्हेप 95 टक्के सुरक्षित, हा निरोप भाच्यानं पाठवला होता. तो आकडा 2015 मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं उचलून धरला, आणि त्याच्या मुळाशी तज्ज्ञांच्या एका गटाचा अंदाज होता, मोजमाप नव्हे. व्हेपनं हार्ट अटॅकचा धोका वाढतो, हा निरोप मेव्हण्यानं पाठवला. तो ज्यावर बेतला होता, त्या 2019 च्या गाजलेल्या शोधनिबंधात काही लोकांना अटॅक व्हेप धरण्याआधीच येऊन गेला होता की काय, हे नीट तपासलेलं नव्हतं. फेब्रुवारी 2020 मध्ये तो मागं घेतला गेला. दोन्ही निरोप अजून फिरतायत, पक्कं उत्तर मात्र कुणाकडंच नाही. आजच्या घडणीची ई-सिगारेट चीनमधल्या होन लिक या औषधतज्ज्ञानं 2003 च्या सुमारास काढली. धमनीत चरबीचा थर बसायला दशकं लागतात. तीस वर्षं फक्त व्हेप ओढलेला माणूसच अजून जगात नाही, तर त्याच्या हृदयाचं काय होतं हे कोण सांगणार?

9. डॉक्टरांच्या कागदावर खरं लिहा

दवाखान्याच्या फॉर्मवर “धूम्रपान करता का?” असं असतं. व्हेपवाला बेधडक “नाही” लिहितो. मीही लिहिलं, आणि खोटं लिहिलं असं वाटलंही नाही. ईसीजी नीट, टू-डी इको नीट, तरी नाडी 90 च्या आसपास का, याचा डॉक्टरांना पत्ता लागेना. थायरॉइड तपासून झालं. शेवटी बायकोनं माझ्याकडं न बघता सांगितलं, “ते पेन ओढत्यात, आंब्याचं.” वस्तू बेकायदा असल्यामुळं माणूस सांगायला कचरतो. डॉक्टर पोलिस नसतात.

दुसरं, छातीतल्या दुखण्याला आपल्याकडं एकच नाव आहे, गॅस. तांबडा-पांढरा रस्सा ओरपल्यावर तर कुणाला शंकाच येत नाही. बावन्न देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी त्रेपन्नाव्या वर्षाच्या आसपास आलेला दिसला, इतर देशांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, घाम, जीव घाबरा होणं, यातलं काही असलं तर सोडा-लिंबू पीत बसायचं नाही, 108 ला फोन करायचा. वर्कशॉपच्या भिंतीवर मशीनच्या ग्रीसिंगच्या तक्त्याशेजारी मी हा नंबर लाल रंगानं लिहिलाय.

10. सुटायचं असेल तर निकोटीन हळूहळू उतरवा

व्हेप एका झटक्यात सोडायचा प्रयत्न केला तेव्हा तिसऱ्या दिवशी कामगारावर नको तितका ओरडलो. मग डॉक्टरांनी निकोटीनचं च्युइंगगम दिलं. दोन मिलिग्रॅमचं आपल्याकडं चिठ्ठीशिवाय मिळतं. मला शंका होती, निकोटीनच द्यायचं तर फरक काय? फरक वेगाचा आहे. झुरक्यातलं निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि तो तडाखाच चटक लावतो. गालातून ते हळू झिरपतं, उसळी येत नाही, आणि डोस मोजता येतो. स्थिर हृदयविकार असलेल्यांवरही याचे अभ्यास झालेत आणि त्यात अटॅक वाढल्याचं दिसलं नाही. नुकताच अटॅक येऊन गेलेल्यानं मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

ते साध्या च्युइंगगमसारखं सारखं चावायचं नसतं. दोन-चार वेळा चावायचं, तिखटसर झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचं, थोड्या वेळानं पुन्हा चावायचं. कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक त्याच्या आगेमागे नको, त्यानं निकोटीन शोषलंच जात नाही. गालात ठेवून थांबायचं हे पुण्या-मुंबईच्या माणसाला शिकवावं लागत असेल. आमच्याकडं तंबाखूचा बार भरणाऱ्यांच्या तीन पिढ्या झाल्यात, मला पहिल्याच दिवशी जमलं.

राष्ट्रीय क्विटलाइनचा 1800-11-2356 हा नंबर फुकट आहे. मी फोन केला तेव्हा बरंवाईट काही न म्हणता एवढंच विचारलं गेलं, दिवसातली पहिली कधी घेता? उठल्यापासून पाच मिनिटांच्या आत, हे उत्तर देताना मला पहिल्यांदाच माझ्या सवयीचा आकार दिसला. गम हळूहळू कमी करत बंद केलं. आता सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी घड्याळ 68 दाखवतं, कधी 70.

11. आपल्या गावाचा खरा प्रश्न वाफेत नाही

एवढं सगळं लिहिल्यावर हेही लिहायला हवं. व्हेप हे पैसेवाल्यांच्या पोरांचं आणि माझ्यासारख्या भाच्यावाल्यांचं फॅड आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात प्रौढांपैकी ओढणारे 3.8 टक्के निघाले, आणि तोंडात धरणारे 24.4 टक्के. इंटरहार्टच्याच आकड्यांत तंबाखू चघळणाऱ्यांना अटॅकचा धोका न चघळणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आढळला, आणि ओढणं-चघळणं दोन्ही करणाऱ्यांना चौपटीच्या आसपास. धूर नाही म्हणून सुटलो, हे मी व्हेपबद्दल म्हणत होतो. माझे कामगार मावा आणि तंबाखूबद्दल तेच म्हणतात.

माझ्याकडं मिलिंग मशीनवर एक जण आहे, चाळिशीचा, वजनानं दणकट. कधी सिगारेटला शिवला नाही, याचा त्याला अभिमान आहे. गेल्या महिन्यात त्याला म्हणालो, “तुझं बीपी मोजूया, मशीन ऑफिसात आणून ठेवलंय.” तो हात पुसत आला, स्टुलावर बसला, बाही वर केली. मी पट्टा गुंडाळायला घेतला तर त्यानं थांबवलं.

“मालक, एक मिन्ट. बार टाकून येतो, मग निवांत बसतो.”

“टाकलास तर अर्धा तास थांबावं लागंल.”

“आणि न टाकता बसलो तर बीपी चढंल त्ये?”

शेवटी अर्धा तास थांबलोच. 154 वर 98 निघालं. आता तो दर सोमवारी सकाळी, पहिली चिमूट मळायच्या आधी, ऑफिसात येऊन बसतो आणि आकडा ग्रीसिंगच्या तक्त्यावरच पेन्सिलीनं लिहितो.